रक्तातील साखर मोजताना: कोकणातल्या लहान लॅबमध्ये नव्याने रुजू झालेल्यांसाठी

डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञाचा डिप्लोमा) पूर्ण करून दापोली, राजापूर, कणकवली किंवा मालवणसारख्या गावातल्या लॅबमध्ये तुम्ही रुजू होता तेव्हा पहिल्याच सकाळी जी चाचणी तुमच्या हाती येते, ती बहुतेक वेळा साखरेचीच असते. चाचणी सोपी समजली जाते, म्हणून ती नीट शिकवायला कोणी थांबत नाही. मात्र ज्या आकड्यावर एखाद्याची आयुष्यभराची गोळी सुरू होते, तो आकडा यंत्रापेक्षा तुमच्या हातावर जास्त अवलंबून असतो. रक्त दंडातून बाहेर पडल्यापासून क्युव्हेटमध्ये (ज्या छोट्या पारदर्शक पात्रात रंग मोजतात त्यात) पोहोचेपर्यंत काय काय बिघडू शकते आणि ते कसे टाळायचे, हे क्रमाने सांगण्यासाठी हा लेख आहे.

१. आधी क्रिया समजून घ्या

आपल्याकडच्या बहुतेक लॅबमध्ये जीओडी-पीओडी पद्धत वापरतात. यात दोन एन्झाइम एकामागून एक काम करतात. पहिले ग्लुकोज ऑक्सिडेज. ते हवेतला विरघळलेला ऑक्सिजन वापरून ग्लुकोजचे ग्लुकोनिक आम्ल करते आणि त्याबरोबर हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. दुसरे पेरॉक्सिडेज. ते या पेरॉक्साइडच्या साहाय्याने रिएजंटमधले (चाचणीच्या तयार रसायनातले) फिनॉल आणि ४-अमिनोअँटिपायरीन यांचा संयोग घडवते आणि गुलाबी-लाल रंग येतो. रंग जितका गडद तितकी साखर जास्त, आणि तो ५०५ नॅनोमीटरच्या आसपास मोजतात. ट्रिंडर यांनी १९६९ मध्ये मांडलेली ही रंगक्रिया आजही बहुतेक किटच्या मुळाशी आहे.

यातला पहिला टप्पा अत्यंत चोखंदळ आहे. ग्लुकोज ऑक्सिडेज रक्तातल्या इतर साखरांकडे जवळपास ढुंकूनही पाहत नाही. ग्लुकोजमध्येही त्याला बीटा रूपच लागते. पाण्यात स्थिरावलेल्या ग्लुकोजमध्ये सुमारे ६४ टक्के बीटा आणि ३६ टक्के अल्फा असते, आणि बीटा खर्ची पडू लागले की अल्फाचे रूपांतर बीटात होत राहते. म्हणूनच क्रियेला पुरेसा वेळ द्यावा लागतो, आणि काही किटमध्ये हे रूपांतर जलद व्हावे म्हणून म्युटारोटेज हे तिसरे एन्झाइम घातलेले असते. ग्लुकोजची पावडर विरघळवून स्टँडर्ड (साखर नेमकी ठाऊक असलेले, तुलनेसाठीचे द्रावण) स्वतः बनवणार असाल, तर ते निदान दोन तास तसेच राहू द्या आणि मगच वापरा.

दुसरा टप्पा मात्र तितका चोखंदळ नाही, आणि घोडे पेंड खाते ते इथे. पेरॉक्साइडशी क्रिया करणारे दुसरे काहीही नमुन्यात असले तर ते रंगाच्या वाटणीत हात घालते. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा, खूप वाढलेले युरिक आम्ल आणि काविळीतले बिलिरुबिन यांच्यामुळे साखर खऱ्यापेक्षा कमी दिसू शकते.

मोठ्या लॅबमध्ये हेक्झोकायनेज पद्धत असते आणि ती जास्त विश्वासार्ह मानली जाते. तिथे एटीपी वापरून ग्लुकोजचे ग्लुकोज-६-फॉस्फेट होते, मग दुसऱ्या एन्झाइमच्या मदतीने एनएडीपीचे एनएडीपीएच होते आणि त्याचे शोषण ३४० नॅनोमीटरवर मोजतात. रंग डोळ्यांना दिसत नाही, म्हणून साध्या कलरिमीटरवर ती करता येत नाही. तिचा एक मोठा गुण असा की एनएडीपीएचचा शोषणांक ठाऊक असल्याने उत्तर आधीच ताडून पाहता येते. १०० मिग्रॅ प्रति डेसिलिटरच्या स्टँडर्डचे १० मायक्रोलिटर १००० मायक्रोलिटर रिएजंटमध्ये घातले, तर एक सेंटीमीटरच्या क्युव्हेटमध्ये ओडी (ऑप्टिकल डेन्सिटी, म्हणजे द्रावण किती प्रकाश शोषते तो आकडा) सुमारे ०.३४ यायला हवी. ती ०.२५ आली तर पिपेट, लॅम्प किंवा रिएजंट यांपैकी काहीतरी बिघडलेले आहे, हे रुग्णाच्या नमुन्याला हात लावण्याआधीच कळते.

२. हाताशी काय हवे

- करड्या झाकणाच्या फ्लोराइड-ऑक्झलेट ट्यूब, मुदत तपासलेल्या
- १० आणि १००० मायक्रोलिटरचे पिपेट, त्यांचे कॅलिब्रेशन प्रमाणपत्र आणि टिपांचा पुरेसा साठा
- सेमी ऑटो अनालायझर किंवा कलरिमीटर, ३७ अंशांचा वॉटर बाथ किंवा ड्राय ब्लॉक, सेंट्रिफ्यूज, टायमर
- किट, त्यातले स्टँडर्ड आणि त्याच लॉटचे माहितीपत्रक. शिवाय सामान्य व वाढीव पातळीचे कंट्रोल (चाचणी बरोबर चालते का हे पाहण्यासाठी, साखर आधीच ठाऊक असलेले नमुने)
- डिस्टिल्ड वॉटर आणि नॉर्मल सलाइन
- फ्रिजच्या तापमानाची वही, कंट्रोलचा तक्ता, रिएजंटच्या लॉट नंबरची व उघडल्याच्या तारखेची नोंदवही
- डॉक्टरांची चिठ्ठी किंवा मागणीपत्र, ज्यावर रुग्णाचे पूर्ण नाव, वय आणि कोणती साखर हवी हे लिहिलेले असेल

यातले माहितीपत्रक फेकून देण्याची सवय सगळीकडे दिसते. ते पाण्याने भिजणार नाही अशा प्लास्टिकच्या पाकिटात यंत्राशेजारी टांगून ठेवा. एकाच कंपनीच्या दोन लॉटमध्येही नमुन्याचे प्रमाण किंवा वेळ बदललेली असू शकते. याशिवाय कामाला लागण्याआधी हिपॅटायटिस बीची लस पूर्ण करून घ्या.

३. रुग्णाला नीट विचारा, मग सुई उचला

"उपाशी आहात ना?" या प्रश्नाला कोकणात "हो" हेच उत्तर मिळते, आणि सकाळची कपभर पेज किंवा एसटी पकडण्याआधी घेतलेला चहा त्या "हो"मध्ये खपून जातो. म्हणून प्रश्न असा विचारा: "काकी, काल रात्री शेवटचं कधी जेवलात? त्यानंतर पाणी सोडून काय घेतलंत? सकाळची गोळी किंवा इन्सुलिन घेतलंत का?" फास्टिंगसाठी किमान आठ तास झालेले हवेत, साधे पाणी चालते. पीपीचे (जेवणानंतरच्या साखरेचे) दोन तास जेवणाच्या पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नव्हे. रुग्णाने सांगितलेली वेळ घड्याळाप्रमाणे चिठ्ठीवर लिहून ठेवा.

गर्भवतींची तपासणी वेगळी असते. आपल्याकडे सरकारी दवाखान्यांत रिकाम्या किंवा भरल्या पोटी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी एकच नमुना घेतात, आणि १४० किंवा त्याहून जास्त आल्यास गर्भावस्थेतील मधुमेह धरला जातो. ते पाणी पाच ते दहा मिनिटांत संपवायचे असते. अर्ध्या तासात उलटी झाली तर त्या दिवशीचा नमुना घेऊ नका, पुन्हा बोलवा.

रक्त घेताना दोन गोष्टींची खबरदारी घ्या. ज्या हाताला सलाइन लावलेले आहे, त्या हातातून कधीही घेऊ नका. डेक्स्ट्रोजचा थेंब मिसळला तरी आकडा पाचशेच्या वर जाऊ शकतो आणि त्यावर कोणी इन्सुलिन देऊन बसले तर जीवावर बेतेल. दुसरे, एकाच सुईतून अनेक ट्यूब भरायच्या असतील तर करडी शेवटी भरा, कारण तिच्यातले पोटॅशियम ऑक्झलेट दुसऱ्या ट्यूबमध्ये गेले की पोटॅशियम खोटे वाढते आणि कॅल्शियम खोटे घटते. ट्यूब खुणेपर्यंत भरा आणि आठ-दहा वेळा हळुवार उलटी-सुलटी करा. जोराने हलवली तर लाल पेशी फुटतील.

करड्या ट्यूबमधल्या प्लाझ्मावर (रक्तपेशी वेगळ्या केल्यावर उरणाऱ्या द्रवावर) युरिया करायचा मोह आवरा. अनेक युरिया किटमध्ये युरिएज असते आणि फ्लोराइड त्याला मारक आहे. एका सुईत काम उरकले असे वाटते, पण तो रिपोर्ट चुकलेला असतो.

४. ट्यूबमध्येही साखर खर्च होत असते

या टप्प्यावर मी जरा जास्त थांबणार आहे, कारण आपल्या भागात सर्वाधिक चूक इथेच होते.

रक्त शरीराबाहेर आले तरी पेशी जिवंत असतात आणि ग्लुकोज वापरत राहतात. साध्या ट्यूबमध्ये, सामान्य तापमानाला, दर तासाला ५ ते ७ टक्के साखर घटते. मे महिन्यातल्या उकाड्यात किंवा पांढऱ्या पेशी खूप वाढलेल्या असतील तर त्याहून वेगाने. समजा, दाभोळ खाडीपलीकडच्या एखाद्या वाडीत सकाळी आठला नमुना घेतला, तेव्हा खरी साखर १३० होती. नमुना साध्या ट्यूबमध्ये पिशवीत ठेवून, फेरीबोट आणि एसटीने, अकरा वाजता तुमच्यापर्यंत आला. तुमचे यंत्र, किट, हात सगळे बिनचूक असले तरी आकडा १०५ ते ११० च्या घरात येईल. उपाशीपोटी १२६ आणि त्यावर म्हणजे मधुमेह. इथे मधुमेह असलेला माणूस "काळजी नको, जरा जपा" असे ऐकून घरी जातो. त्याला पुन्हा तपासणी करायला वर्ष लागेल आणि तोवर डोळे, मूत्रपिंडे यांचे नुकसान सुरू झालेले असेल.

फ्लोराइडने हे थांबते, पण लगेच नाही. फ्लोराइड एनोलेज या एन्झाइमला अडवते, आणि ते ग्लुकोज विघटनाच्या साखळीत बरेच खाली आहे. वरची एन्झाइम पहिला तास-दोन तास ग्लुकोज ओढतच राहतात. त्यानंतर मात्र पातळी दोन-तीन दिवस जवळपास स्थिर राहते. त्यामुळे "करड्या ट्यूबमध्ये घेतलंय, आता कितीही वेळ चालेल" ही समजूत अर्धवट खरी आहे. पहिल्या तासाची घट होऊ नये म्हणून सायट्रेटने आम्लता आणणाऱ्या ट्यूबही मिळतात, त्या पहिल्या एन्झाइमपासूनच साखळी रोखतात. परवडत असतील तर दूरच्या संकलन केंद्रांसाठी त्या मागवणे योग्य ठरेल.

तेव्हा नियम असे पाळा. लॅबमध्येच रक्त घेतले असेल तर अर्ध्या तासात सेंट्रिफ्यूज करून प्लाझ्मा वेगळा करा. साधारण ३००० फेऱ्यांना १० मिनिटे पुरतात. बाहेरगावाहून नमुने येत असतील तर तिथेच छोटा सेंट्रिफ्यूज ठेवून प्लाझ्मा वेगळा करून पाठवायला सांगा. ते शक्य नसेल तर फ्लोराइड ट्यूब थंड डब्यातून याव्यात, मात्र बर्फाला थेट टेकलेल्या नसाव्यात, नाहीतर पेशी गोठून फुटतात. पेशींपासून वेगळा केलेला स्वच्छ प्लाझ्मा सामान्य तापमानाला आठ तास आणि फ्रिजमध्ये तीन दिवसांपर्यंत टिकतो. आणि नमुना घेतल्याची वेळ लिहिलेली नसेल तर फोन करून विचारा. पावसाळ्यात दरड कोसळून गाडी अडकली, नमुना पाच तासांनी आला, पेशी तशाच होत्या, तर नमुना नाकारा. रुग्णाला दुसऱ्यांदा सुई टोचणे जिवावर येते, हे मान्य. तरीही चुकीच्या आकड्यापेक्षा ते बरे.

५. रिएजंट, पाणी आणि दमट हवा

रिएजंट २ ते ८ अंशांत ठेवायचे असते. ते गोठू देऊ नका आणि उन्हात ठेवू नका. फ्रिजच्या दारातल्या कप्प्यात ते ठेवू नका, तिथे तापमान सतत हलते. वीज गेली की फ्रिज उघडू नका. आत आइस पॅक नेहमी ठेवलेले असू द्या, आणि वीज परतल्यावर आतले तापमान वहीत लिहा. रिएजंट ठेवून ठेवून हलके गुलाबी होतेच, पण ब्लँकची (नमुना न घातलेल्या रिएजंटची) ओडी माहितीपत्रकातल्या मर्यादेपलीकडे गेली की बाटली फेकून द्या, किंमत पाहत बसू नका. काढून घेतलेले रिएजंट उरले तर ते परत मूळ बाटलीत ओतू नका.

जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवेत इतका ओलावा असतो की फ्रिजमधून काढलेले थंड रिएजंट क्युव्हेटमध्ये घातले की काच बाहेरून लगेच धुरकट होते आणि ओडी खोटी वाढते. रिएजंट आधी सामान्य तापमानाला येऊ द्या, क्युव्हेटच्या पारदर्शक बाजू मऊ टिश्यूने पुसा, आणि बोटे फक्त खरखरीत बाजूंना लावा. यंत्राच्या फिल्टरवर बुरशी धरते ती याच काळात. यंत्राजवळ सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या ओलावल्या की बदला.

पाण्याबद्दल एकच गोष्ट ध्यानात धरा: नळाचे किंवा विहिरीचे पाणी कशासाठीही नको. क्लोरीन किंवा ब्लीचिंगचा अंश ऑक्सिडीकारक असल्याने साखर नसतानाही रंग आणू शकतो. फ्लो सेल (यंत्रातला वाचनाचा कप्पा) हायपोक्लोराइटने धुतला असेल तर डिस्टिल्ड वॉटरने भरपूर वेळा खळबळून घ्या आणि मगच पहिला नमुना लावा. सोडियम अझाइड घातलेले पाणी किंवा सलाइनही टाळा, कारण ते पेरॉक्सिडेजला रोखते.

६. प्रत्यक्ष चाचणी

यंत्र चालू करून लॅम्प पंधरा मिनिटे तापू द्या. तीन प्रकारच्या ट्यूब लावा: ब्लँक, स्टँडर्ड, आणि नमुने व कंट्रोल. प्रत्येकीत १००० मायक्रोलिटर रिएजंट घाला. ब्लँकमध्ये १० मायक्रोलिटर डिस्टिल्ड वॉटर, स्टँडर्डमध्ये १० मायक्रोलिटर स्टँडर्ड, उरलेल्यांत १० मायक्रोलिटर प्लाझ्मा. ही प्रमाणे सर्वसाधारण आहेत, तुमच्या किटमध्ये वेगळी असतील तर किटचे ऐका.

१० मायक्रोलिटर म्हणजे पापणीवरच्या आसवाहूनही कमी. टिपेच्या बाहेर प्लाझ्माचा थेंब चिकटला तर एवढ्यातच दहा टक्क्यांची चूक होते. टिपेचे टोक प्लाझ्मात जेमतेम बुडवा, हळू ओढा, बाहेरची बाजू टिश्यूने टिपा (टोकाला टिश्यू लागू देऊ नका), रिएजंटमध्ये सोडून दोन-तीनदा आत-बाहेर करून टिप धुऊन घ्या. प्रत्येक नमुन्याला नवी टिप घ्या. हाताचा हा सराव पाण्यावर आणि तराजूवर करता येतो: १००० मायक्रोलिटर पाण्याचे वजन जवळजवळ एक ग्रॅम भरायला हवे.

सगळ्या ट्यूब नीट मिसळून ३७ अंशांना माहितीपत्रकातल्या वेळेइतक्या, बहुधा दहा मिनिटे, ठेवा. मध्येच वीज गेली तर घाबरू नका. ही शेवटपर्यंत जाऊ द्यायची क्रिया आहे, त्यामुळे सामान्य तापमानालाही ती पूर्ण होते, फक्त वेळ जास्त लागतो. तो वेळ बहुतेक किटवर दिलेला असतो. अट एवढीच की स्टँडर्डही त्याच वेळी, त्याच तापमानाला ठेवलेले असावे. कालच्या स्टँडर्डच्या ओडीवर आजचे नमुने काढण्याची पद्धत काही ठिकाणी रूढ आहे, ती मुळीच स्वीकारू नका.

वाचन ब्लँकवर शून्य करून घ्या. रंग साधारण तासभर टिकतो, पण त्याच्या भरवशावर चहाला जाऊ नका.

७. हिशेब

नमुन्याच्या ओडीला स्टँडर्डच्या ओडीने भागा आणि स्टँडर्डच्या तीव्रतेने, म्हणजे सहसा १०० ने, गुणा. ब्लँकवर शून्य केले नसेल तर दोन्हींतून ब्लँक आधी वजा करा. उदाहरणार्थ, ब्लँक ०.०४, स्टँडर्ड ०.३४ आणि नमुना ०.४९ असेल तर ०.४५ भागिले ०.३० गुणिले १०० म्हणजे १५० मिग्रॅ प्रति डेसिलिटर. यंत्रावर शून्य केल्यानंतर पुन्हा हाताने ब्लँक वजा करणारे अनेक जण पाहिले आहेत. ते एकदाच करायचे असते. परदेशी रिपोर्ट मिलिमोलमध्ये असतात. मिग्रॅला १८ ने भागले की मिलिमोल मिळते.

बहुतेक किट ५०० पर्यंतच सरळ रेषेत चालतात. त्याहून जास्त आले तर प्लाझ्मात तेवढेच नॉर्मल सलाइन मिसळून चाचणी पुन्हा करा आणि उत्तराला दोनने गुणा. तयार रंगात पाणी ओतून ओडी खाली आणणे चुकीचे आहे. तिथे रिएजंटच अपुरे पडलेले असते.

८. कंट्रोल टाळू नका

रोज पहिल्या नमुन्याआधी दोन्ही पातळ्यांचे कंट्रोल लावा आणि आकडे लेव्ही-जेनिंग्ज तक्त्यावर मांडा. एखादा आकडा सरासरीपासून तीन एसडीबाहेर (एसडी म्हणजे प्रमाण विचलन) गेला, किंवा सलग दोन आकडे एकाच बाजूला दोन एसडीबाहेर गेले, तर रिपोर्ट थांबवा आणि कारण शोधा. सलग आठवडाभर हळूहळू खाली उतरत जाणारी रेषा बहुधा मरगळलेले रिएजंट किंवा जुना लॅम्प दाखवते. एकदम उडी मारलेली रेषा नवा लॉट किंवा चुकीचे विरघळवलेले कंट्रोल. कंट्रोलची पावडर मोजून घेतलेल्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवा, अर्धा तास ठेवा, फेस येईल असे हलवू नका.

९. आकडा पटत नसेल तर

आधी प्लाझ्माकडे डोळ्यांनी बघा. दुधासारखा पांढरट असेल तर गढूळपणामुळे साखर जास्त दिसते. अशा वेळी त्याच नमुन्याचे १० मायक्रोलिटर १००० मायक्रोलिटर सलाइनमध्ये घालून सलाइनवर शून्य करा, त्याची ओडी घ्या आणि ती नमुन्याच्या ओडीतून वजा करा. लालसर असेल तर पेशी फुटल्या आहेत; शक्य असेल तर नवा नमुना मागवा. गडद पिवळा असेल तर काविळीची नोंद रिपोर्टवर करा, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी हेक्झोकायनेजवर करून घेण्याचा पर्याय डॉक्टरांना सुचवा. क जीवनसत्त्वाच्या गोळ्या किंवा इंजेक्शने चालू आहेत का, हेही विचारा.

रुग्ण घरचा ग्लुकोमीटर घेऊन भांडायला येतो, विशेषतः गणपतीत आलेले चाकरमानी. त्यांना शांतपणे समजावा. बोटातले रक्त जेवणानंतर शिरेतल्या रक्तापेक्षा जास्त साखर दाखवते. चांगल्या ग्लुकोमीटरलाही १०० च्या खाली १५ मिग्रॅ आणि वर १५ टक्क्यांपर्यंत फरक मान्य आहे. रक्तक्षय असलेल्या बाईचा आकडा मीटरवर जास्त येऊ शकतो. आणि पट्ट्यांची डबी दमट हवेत उघडी राहिली असेल तर त्या पट्ट्यांवर विसंबू नये. निदान लॅबच्या प्लाझ्मावर होते, मीटर रोजच्या देखरेखीसाठी.

१०. रिपोर्ट देताना

रिपोर्टवर फास्टिंग, पीपी की रँडम हे, नमुना घेतल्याची वेळ, प्लाझ्मा की सीरम, आणि पद्धतीचे नाव लिहा. मागचा रिपोर्ट उपलब्ध असेल तर आकडा त्याच्याशी ताडून पाहा. फार कमी किंवा फार जास्त आकडा कोणता समजायचा, ही मर्यादा तुमच्या पॅथॉलॉजिस्टकडून लेखी घ्या. असा आकडा आला की चाचणी पुन्हा करा, डॉक्टरांना लगेच फोन करा आणि कोणाला, किती वाजता कळवले ते वहीत लिहा. साखर ४० आलेला माणूस बाहेर बाकावर झोपलेला दिसला तर आधी त्याला हलवून उठवा, रिपोर्ट नंतर टाइप करा.

सुया पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, प्लास्टिकच्या टिपा व ट्यूब लाल पिशवीत, काच निळ्या खोक्यात टाका. उरलेला प्लाझ्मा नाव व तारीख लिहून दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे डॉक्टरांनी शंका घेतली तर त्याच नमुन्यावर चाचणी पुन्हा करता येईल.